बोटातून जाणारा उजेड

रंजनाचा फोन आला तेव्हा मी दवाखान्यात होते. सकाळचे साडेदहा वाजले असतील. अकोल्याच्या जठारपेठेत माझा चार खोल्यांचा दवाखाना आहे. सोमवारी तिथं बाहेरच्या बाकांवर बसायला जागा नसते आणि पेशंट समोर असताना मी फोन घेत नाही, हे ओळखीच्या सगळ्यांना ठाऊक आहे. तरी नाव बघून घेतला. "डाक्टरताई, ताई गेल्या," रंजना म्हणाली. मी विचारलं, "ऑक्सिजन किती दाखवत होता?" चाळीस वर्षांपासूनच्या मैत्रिणीच्या मरणाची बातमी ऐकून माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे. रंजना म्हणाली, "पाह्यलं नाई, डाक्टरताई. त्यायनं कालच बोटाचं यंत्र काढून ठेवलं. म्हणे, आता बस झालं मोजणं. चहा मांग्तला होता, मी कप घेऊन आली तं..." समोरच्या आजोबांच्या पोटावर माझा एक हात तसाच होता. अमरावतीला निघायच्या आधी मी बाहेर बसलेले सगळे पेशंट तपासले. कुणी म्हणेल, काय ही कर्तव्यनिष्ठा. तसं काही नव्हतं. तिच्या घरात पाऊल टाकायची मला भीती वाटत होती.

शकुंतला तायडे हे नाव अमरावतीत जे विज्ञान शिकले त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. तायडे मॅडम. भौतिकशास्त्राच्या. ठेंगणी, काळीसावळी, सुती साडी, घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला वळवलेली. प्रयोगशाळेत टेबलांमधून फिरताना चपलांचा आवाज होऊ नये म्हणून ती चपला दाराशी काढायची. पोरं म्हणत, मॅडम मागं येऊन कधी उभ्या राहतात कळतच नाही. माझ्यासाठी ती शकू होती. अकरावीला अमरावतीत आम्ही एका प्रयोगाच्या टेबलावर आलो ते निव्वळ हजेरीपटातल्या क्रमांकांमुळं. ती दर्यापूरहून आलेली. वडील तिथल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये रखवालदार. मी अकोल्याच्या डॉक्टरांची मुलगी, पंचवीस एकर काळ्या जमिनीच्या घरातली, मावशीकडं राहून शिकणारी. मला सगळ्याची घाई आणि तिला कशाचीच नाही. वर्गातल्या पोरींनी तिला 'रेल्वे' नाव ठेवलं होतं, कारण मूर्तिजापूरहून सुटणाऱ्या आमच्याकडच्या छोट्या गाडीचं नाव आणि तिचं नाव एकच, आणि चालही एकच. तिला त्याचा राग नव्हता. "पोचते तं खरी ना," एवढंच म्हणायची.

लंबकाचा प्रयोग होता. दोऱ्याला गोळा टांगायचा, वीस झोके मोजायचे, वेळ लिहायची, त्यावरून गुरुत्वाकर्षणाचा आकडा काढायचा. मी दहा झोके मोजले आणि वेळ दुप्पट केली. दुसऱ्या खेपेला तेही केलं नाही. उत्तर पुस्तकात होतंच, त्याच्यावरून मागं येत वेळ लिहून टाकली. माझा आकडा नऊ पूर्णांक आठ आला, अगदी देखणा. शकूनं वीसच्या वीस झोके मोजले, पाच वेळा मोजले, आणि तिचा आला दहा पूर्णांक एक. सरांनी माझी वही सगळ्या वर्गाला दाखवली. जिन्यानं उतरताना ती मला म्हणाली, "तुयं रीडिंग शिजवलेलं हाय." मी म्हटलं, "मग? मार्क मिळाले ना." ती म्हणाली, "मार्क तुले भेटले. पण आपला दोरा कावून चुकून राहिला, ते कोणालेच नाई समजलं." दुसऱ्या दिवशी ती लवकर येऊन बसली आणि शोधून काढलं की पट्टीचं टोक झिजलेलं होतं. त्या वर्षी त्या टेबलावर बसलेल्या प्रत्येकाचं उत्तर चुकायला हवं होतं. चुकलं फक्त तिचं.

पुढं मी मेडिकलला गेले, ती बी.एस्सी., एम.एस्सी. करून अमरावतीतच शिकवायला लागली. लग्न केलं नाही. वडील लवकर गेले, आणि आठ वर्षांनी लहान असलेल्या भावाला, दिलीपला, तिनंच वाढवलं. तो पुढं वीजमंडळात लाइनमन झाला, दर्यापूरलाच राहिला. उन्हात खांबावर चढून चढून तो बहिणीपेक्षाही काळा झाला होता, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. माझ्या मुलीच्या लग्नात कुणा बाईनं शकूच्या रंगावरून तिला ऐकू जाईल असं काहीतरी म्हटलं. माझा पारा चढला, पण मी बोलायच्या आत दिलीप हसत हसत म्हणाला, "काकू, वावर काळंच पाह्यजे म्हणता न तुमी? मंग माणूस काळा कावून नाई चालत?" बाई वरमली. शकू पुरीचा घास घेता घेता म्हणाली, "जेव बे गुपचूप." आमची मैत्री अशी होती, कुणी कुणाला फार जपत नसे. ती अकोल्याला आली की माझ्या स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून कोथिंबीर भरलेली सांभारवडी गरम गरम खायची आणि माझ्या डॉक्टरकीची टिंगल करायची. "तुमी डाक्टर लोक मोजत नाई, तुमी ओळखता," हे तिचं ठरलेलं वाक्य. मी ते कौतुक म्हणून घ्यायची.

करोनाची दुसरी लाट आमच्याकडं इतरांच्या आधी आली. अमरावती-अकोल्याचे ते दिवस इथल्यांना सांगायची गरज नाही. एप्रिलच्या शेवटी एका दुपारी शकूचा फोन आला. "दिलीपले ताप हाय चार दिवसांपासून. इथं जागा नाई कुठं. तुह्याकडं पाठवून राहिली. पाह्यजो." तो दर्यापूरहून मित्राच्या गाडीनं आला. माझ्याकडं तेव्हा आठ खाटा होत्या आणि आठही भरलेल्या. आम्ही डॉक्टरांनी तेव्हा मनाशी एक रेघ ओढून घेतली होती. बोटाला लावायच्या त्या छोट्या यंत्रावर ऑक्सिजन चौऱ्याण्णवच्या खाली गेला तर आत घ्यायचं, वर असेल तर औषध देऊन घरी. दिलीपच्या बोटाला मी स्वतः यंत्र लावलं. पंच्याण्णव. त्याच्या चेहऱ्यावर मास्क होता, वरून फक्त डोळे दिसत होते. "कसं वाटते?" विचारलं तर म्हणाला, "बरं हाय, ताई... जिना चढलो... म्हणून जरासा..." दोन-दोन शब्दांवर थांबून बोलत होता. मी ते ऐकलं. ऐकलं आणि यंत्राकडं पुन्हा पाहिलं. पंच्याण्णव. केसपेपर लिहिला, औषधं दिली, पालथं झोपायला सांगितलं, आकडा खाली गेला तर लगेच ये म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला अमरावतीला नेत असताना तो रस्त्यातच गेला. बेचाळीस वर्षांचा होता. रंजना त्याची बायको; तो गेल्यावर ती अमरावतीला शकूकडंच राहायला आली.

त्यानंतर दोन महिने शकू माझ्याशी बोलली नाही. मी फोन करायची, ती उचलायची नाही. मग मीही थांबले. जून संपत आला होता तेव्हा एका दुपारी ती न सांगता दवाखान्यात आली. पेशंटच्या स्टुलावर बसली. मला वाटलं रडेल, भांडेल, काहीतरी करेल. तिनं विचारलं, "कोणत्या बोटाले लावलं होतं?" मी सांगितलं, उजव्या हाताच्या मधल्या. "बोट थंड होतं?" आठवत नाही. "किती वेळ थांबली आकडा स्थिर व्हाले?" थांबले होते, थोडं. मग तिनं पर्समधून चार घड्या केलेला केसपेपर काढून माझ्या टेबलावर सरळ केला. माझंच अक्षर. ताप, नाडी, ऑक्सिजन ९५, श्वास मिनिटाला २०. त्या विसावर तिनं बोट ठेवलं. "हे मोजले होते?"

"हो," मी म्हणाले.

मोजले नव्हते. हे आज मी पहिल्यांदा कागदावर लिहिते आहे. वीस हा आकडा माझा हात आपोआप लिहायचा, वर्षानुवर्षं, जवळजवळ प्रत्येक केसपेपरवर. श्वास मोजायचे तर पेशंटच्या छातीकडं पूर्ण मिनिटभर बघत बसावं लागतं, आणि बाहेर चाळीस माणसं असताना मिनिट फार मोठं असतं. दिलीपचे श्वास मी मोजले असते तर ते नक्की तिसाच्या वर निघाले असते. मग यंत्र काहीही म्हणो, मी त्याला खुर्चीत बसवून का होईना ठेवून घेतलं असतं. पुढचा प्रश्न मी स्वतःला फार वेळा विचारला आहे. माझा सख्खा भाऊ त्या स्टुलावर बसून दोन-दोन शब्दांवर थांबला असता, तर मी पंच्याण्णव बघून त्याला परत पाठवलं असतं का? नसतं पाठवलं.

शकूनं माझं 'हो' ऐकून घेतलं. केसपेपर परत चार घड्या करून ठेवला आणि म्हणाली, "ते यंत्र हाय का तुह्याकडं? तेच?" होतं. तिनं पर्समधून बारीक पेचकस काढला. म्हणजे ती तयारीनंच आली होती. यंत्र माझ्याच टेबलावर उघडून तिनं मला दाखवलं. "हे पाय. वरच्या बाजूनं दोन दिवे. एक लाल, तो तुले दिसते. दुसरा दिसत नाई." मोबाईलचा कॅमेरा धरला तर त्यात जांभळट ठिपका लुकलुकताना दिसला, डोळ्यांना मात्र काहीच नाही. "रक्तात ऑक्सिजन भरून असला तं ते लाल उजेड जाऊ देते अन् हा न दिसणारा जास्त खाते. ऑक्सिजन कमी झाला की उलटं. बोटाच्या खालून कोणता उजेड किती बाहेर आला, ते मोजाचं अन् भागाकार कराचा." मी डॉक्टर असून पंचवीस वर्षं ते यंत्र वापरत होते आणि हे मला एवढं सरळ कधी कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "मधात हाड, मांस, कातडी हाय न? ते नाई खात उजेड?" तिला तो प्रश्न आवडला, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. दोन महिन्यांनी पहिल्यांदा ती माझ्याकडं नीट बघत होती. "खातात. पण ते सारखं तेवढंच खातात. नाडीच्या ठोक्यासंगं जो उजेड कमी-जास्त होते, तो फक्त धमनीतल्या रक्तापायी. मंग तेवढाच हालणारा भाग उचलाचा, स्थिर भागानं त्याले भागाचं. लालचं वेगळं, दुसऱ्याचं वेगळं. अन् शेवटी त्या दोघांचा एकमेकांत भागाकार. तो एक आला तं ऑक्सिजन पंच्याऐंशी. अर्धा आला तं सत्त्याण्णवच्या वर. एकशेदहातून त्याची पंचवीस पट वजा कर, जवळपास जमते."

"मंग काळी कातडी भागाकारातच कटून जाते," मी म्हटलं. मला बहुधा तेच ऐकायचं होतं.

"कागदावर कटते," ती म्हणाली. "पण दिव्यातून काई एकच रंग निघत नाई. आजूबाजूचे बी निघतात, अन् काळी कातडी त्यातले काई जास्त खाते, काई कमी. अन् हे एकशेदहा, पंचवीस कुठून आले, सांग. हा काई निसर्गाचा नियम नाई. कोणाच्या तरी बोटाले यंत्र लावलं, त्याच टायमाले त्याचं रक्त काढून मोजलं, अन् दोन्ही जुळवून तक्ता बनवला. तो तक्ता या डब्बीत बसवला." तिनं यंत्राचं झाकण उचलून माझ्यापुढं धरलं. "ते बोट कोणाचं होतं?"

पुढं आम्ही वाचलं की हा प्रश्न इतर देशांतही लोकांनी विचारला होता, गडद रंगाच्या कातडीवर ही यंत्रं ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात हे तिथल्या डॉक्टरांच्याही लक्षात आलं होतं. शकूला त्याचं नवल वाटलं नाही आणि तेवढ्यावर तिचं समाधानही झालं नाही. तिला आपल्याकडची बोटं हवी होती. कॉलेज सुटल्यावर ती प्रयोगशाळेत बसायची. दोन दिवे, उजेड पकडणारा एक सेन्सर, कपड्याला लावायच्या चिमट्याला आतून काळा कागद, असं तिनं स्वतःचं यंत्र बनवलं, आकडा न दाखवणारं. ते फक्त उजेड मोजायचं, भागाकार ती स्वतः वहीत करायची. कातडीचा रंग कसा लिहायचा, हा प्रश्न आला तेव्हा ती हार्डवेअरच्या दुकानातून लाकडाच्या पॉलिशचं शेडकार्ड घेऊन आली. त्यात शेडला नंबर होते. बोटाशेजारी कार्ड धरायचं, जुळेल तो नंबर लिहायचा. माझ्याकडं दम्याची एक म्हातारी होती, रिद्धपूरची, तिनं विचारलं, "काऊन व माय, माह्या बोटाले पालिश मारून राहिली का?" शकू म्हणाली, "नाई आजी, तुमचा नंबर काढून राहिली." आजी म्हणाली, "मंग चांगलावाला दे." त्या दिवशी शकू हसली. दिलीप गेल्यानंतर तिला हसताना मी पाहिलं ते तेव्हा पहिल्यांदा.

रक्ताशी जुळवणी मात्र तिच्या हातात नव्हती, ती माझ्याकडं होती. ज्या पेशंटचं धमनीतलं रक्त तसंही तपासायला पाठवावं लागायचं, त्यांना विचारून, त्याच वेळी यंत्राचा आकडा आणि शेडचा नंबर टिपून मी तिला मोबाईलवर पाठवायची. ती ते अमरावतीला तिच्या वहीत उतरवायची. चार वर्षं हे चाललं. आठवड्यात कधी दोन, कधी एकही नाही. गडद बोटांवर यंत्र कधी जास्त दाखवायचं, कधी बरोबर निघायचं, एक-दोनदा तर कमीही दाखवलं. मी एकदा म्हटलं की ते एक-दोन वगळ, चित्र स्वच्छ दिसेल. तिनं तेच आकडे मला फोनवर पुन्हा एकदा सांगायला लावले आणि वहीत उतरवून घेतले. कुणीतरी सुचवलं होतं, लेख लिहा, पाठवा. ती म्हणाली, "एवढ्याशा रीडिंगावर तोंड उघडू नये." लेख तिनं शेवटपर्यंत लिहिला नाही. पण माझ्या दवाखान्यात तिनं एक गोष्ट बदलली. एकदा माझी नर्स पंधरा सेकंद श्वास मोजून चारनं गुणत होती. शकू तिथंच बसली होती. तिनं मनगटातलं घड्याळ काढून नर्सच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, "बाई, माणूस पूर्ण मिनिट श्वास घेते, तं आपुन पूर्ण मिनिट पाह्याले काय हरकत हाय?" तेव्हापासून आमच्याकडं असंच मोजतात. नर्सही मोजते, मीही मोजते. बोटाला यंत्र लावायच्या आधी.

मी एकदाच तिला विचारलं. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी, ओट्याशीच. "शकू, एवढं सगळं मोजलं. दिलीपचं खरं किती असन?" ती भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. "नाई सांगता येत." मी म्हटलं, "अंदाजे." "अनू, पंच्याण्णव म्हणजे भागाकार शून्य पूर्णांक सहा. एवढं उलटं येता येते. पण त्या सहात रक्ताचं किती अन् कातडीचं किती, हे वेगळं कराले त्याचं रक्त लागते. ते आपल्याजवळ नाई. तो चौऱ्याण्णवही असन, अठ्ठ्याऐंशीही असन." मी हट्टाला पेटले. मला तिच्या तोंडून एक आकडा हवा होता, कुठलाही. यंत्रानं फसवलं असं ती म्हणाली असती तर मी सुटले असते, आणि आकडा खराच होता असं म्हणाली असती तरी सुटले असते. "तुले काय वाटते ते सांग," मी म्हटलं. तिनं टरफलं बाजूला सारली. "तू मले रीडिंग शिजवाले सांगून राहिली," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. तेव्हा, त्याच क्षणी, मी सांगायला हवं होतं, की शिजवलेलं रीडिंग त्या केसपेपरवर आधीच आहे आणि ते माझं आहे. मी कुकर लावला.

तिला खोकला त्याच्या आधीपासूनच होता. फुप्फुसं हळूहळू कडक होत जाण्याचा आजार. नाव मोठं आहे, औषध फारसं नाही. या वर्षी ती अकरा दिवस माझ्याकडं राहिली, खिडकीजवळच्या खाटेवर. आली त्या सकाळी मी स्टूल ओढून तिच्या शेजारी बसले, घड्याळ काढलं आणि तिच्या छातीकडं बघत मोजायला लागले. ती माझ्याकडं बघत होती. पूर्ण एक मिनिट मोजलं. चौतीस. मग यंत्र लावलं, एक्याण्णव. मग मनगटातून रक्त काढलं. तासाभरानं आकडा आला, शहाऐंशी. "किती?" तिनं विचारलं. पेशंटला आकडा थोडा वाढवून सांगायची मला सवय आहे, धीर यावा म्हणून. मी खरा सांगितला. तिनं मान हलवली आणि रंजनाला पिशवीतून वही काढायला सांगितली. गुडघ्यावर ठेवून बराच वेळ ती लिहीत होती, मध्ये थांबून, ऑक्सिजनची नळी सरळ करून. मला वाटलं घरच्यांसाठी काही लिहीत असेल. मी विचारलं नाही. अकराव्या दिवशी ती म्हणाली, आता घरी. मी अमरावतीपर्यंत तिच्यासोबत गेले, सिलिंडर जोडून दिलं, नळीचा प्रवाह किती ठेवायचा ते रंजनाला शिकवलं. निघताना शकू म्हणाली, "जाय आता, बाहेर बाकावर लोक बसले असतीन."

तिचं पुण्यानुमोदन, म्हणजे श्रद्धांजलीचा बौद्ध विधी, तिच्या घरीच झालं. वंदना झाली, विद्यार्थी बोलले, काही पोक्त झालेले, काही अजून शिकणारे. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी हात जोडले. सगळे गेल्यावर रंजनानं मला आतल्या खोलीत नेलं. तिथं शकूचं टेबल, चिमट्याचं ते यंत्र, शेडकार्ड. "ही वही तुमाले द्याची म्हणे," तिनं सांगितलं. चार वर्षं जिच्यासाठी मी आकडे पाठवत होते ती वही मी तोवर उघडून पाहिलेली नव्हती. शाळेतल्यासारखे आखलेले रकाने. नाव, शेड, यंत्र, रक्त, श्वास, शेरा. मी पहिलं पान उघडलं. पहिलीच ओळ दिलीपची. तारीख ती माझ्याकडं केसपेपर घेऊन आली होती त्याच दिवसाची. यंत्र ९५. रक्ताच्या रकान्यात आडवी रेघ. आणि श्वासाच्या रकान्यात तिच्या त्या सरळ, शिक्षकी अक्षरात, 'मोजले नाहीत.'

म्हणजे माझं 'हो' तिनं एक दिवससुद्धा खरं मानलं नव्हतं. सांभारवडी, शेडकार्ड, रिद्धपूरची आजी, फोनवरचे आकडे, ओट्यावरचे शेंगदाणे, हे सगळं त्या ओळीच्या खाली घडलं होतं. मी पानं उलटत गेले. शेवटची लिहिलेली ओळ वाकडी झाली होती, अक्षरं एकमेकांवर चढली होती. शकुंतला. यंत्र ९१. रक्त ८६. श्वास ३४. शेऱ्यात लिहिलं होतं, 'अनूने मोजले. पूर्ण मिनिट.'

मी वही मिटली. रंजना दाराशी होती. तिचा नवरा त्या दिवशी माझ्या स्टुलावर बसला होता, आणि तिला मी कधी काहीच सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "रंजना, मला तुला दिलीपबद्दल एक सांगायचं आहे." तिनं आत येऊन दार लोटून घेतलं. "ताई म्हणत होत्या," ती म्हणाली, "डाक्टरताई एखाद दिवशी सांगतीन. तवा मधात बोलू नको म्हणे, पूर्ण ऐकून घेजो." शकूची खुर्ची तिनं माझ्याकडं सरकवली आणि स्वतः समोर जमिनीवर बसली, पदर सावरून, माझ्या तोंडाकडं बघत.

"सांगा," ती म्हणाली.